डब्यावरचे वॉट, मीटरवरचे व्होल्ट

उत्सव जवळ आला की मंडळांच्या खोल्यांतून अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे बाहेर निघतात. १९२०च्या दशकात उभारलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरातील जांबोरी मैदान अशाच उत्सवांसाठी ओळखले जाते. यंत्रणा भाड्याने घेताना कार्यकर्त्यांची भिस्त डब्यावरील वॉटच्या आकड्यावर असते. 'पीएमपीओ' म्हणून छापलेला आकडा तर खऱ्या शक्तीच्या कित्येक पट असतो. खरी शक्ती कळण्यास साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी डीसी : स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, आउटपुटच्या दोन टोकांमधील डीसी व्होल्टेज पाहावे. काही मिलिव्होल्ट दिसल्यास चिंता नाही. दोन-चार व्होल्ट दिसल्यास अ‍ॅम्प्लिफायर नादुरुस्त समजावा. स्पीकर जोडताच त्याची कॉइल जळू शकते.

मग एसी : स्पीकरऐवजी ८ ओहमचा, अपेक्षित शक्ती पेलणारा मोठा रेझिस्टर जोडावा. गाण्यावर काटा स्थिर राहत नाही. म्हणून १०० हर्ट्झचा अखंड सूर द्यावा. साध्या मीटरचे माप साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असते. आवाज हळूहळू वाढवावा. व्होल्टेज त्या प्रमाणात वाढेनासे झाले की अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा आली. त्याच्या किंचित आधीचा आकडा टिपावा.

हिशेब : व्होल्टेजचा वर्ग करून त्याला ओहमने भागावे. २० व्होल्ट आले तर ४०० भागिले ८, म्हणजे ५० वॉट. १०० वॉटसाठी सुमारे २८.३ व्होल्ट हवेत.

खबरदारी : कर्ण्यांसाठीच्या १०० व्होल्टच्या लाइनवर हा रेझिस्टर जोडू नये, १०० वॉटच्या यंत्राला तेथे १०० ओहमचा भार लागतो. त्या टोकांना हात लावल्यास झटका बसतो. मीटरची तार अँपिअरच्या खाचेत राहिल्यास आउटपुट शॉर्ट होते.

शक्ती दुप्पट झाली तरी आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल. त्यामुळे १०० वॉट म्हणून दिलेले यंत्र ५० वॉटचे निघाले तरी कानाला फरक थोडाच जाणवतो. मात्र ती उणीव भरून काढण्यासाठी बटण शेवटपर्यंत फिरवले, की आवाज फाटतो आणि स्पीकर जळतो. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांच्या कानांचा आणि मंडळाच्या वर्गणीचा विचार करता, मोठ्या आकड्यापेक्षा मोजलेला आकडा मोलाचा.