जुना ट्रॅक्टर : अस्सल किती, मोलाचा किती?



जुने नाणे, जुनी तलवार किंवा जुना ताम्रपट यांची पारख जाणकार मंडळी कशी करतात, हे आपण ऐकलेले असते. आज ज्या वस्तूची पारख करायची आहे, ती इतकी पुरातन नाही. ती आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची आहे. ती वस्तू म्हणजे जुना ट्रॅक्टर.

समजा, टिटवाळ्याच्या आसपास एखाद्या गोठ्यामागे वर्षानुवर्षे पडलेला ट्रॅक्टर कोणी बाहेर काढला. गंज खरवडला, इंजिन चालू केले, झकास लाल रंग दिला आणि पुढे पाटी लावली : ‘१९५२ सालचा अस्सल भारतीय ट्रॅक्टर’. आता मालक तो विकायला निघाला आहे, किंवा गावच्या शाळेला आठवण म्हणून देणार आहे. घेणाऱ्याने काय मानावे? पैशाचा प्रश्न तर आहेच. पण शाळेच्या आवारात ती पाटी लागली, की तिच्यावरचे साल मुले वहीत उतरवून घेणार, आणि पुढे तोच गावचा इतिहास होणार. म्हणून ही पारख नीट झाली पाहिजे. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

पहिली कसोटी काळाची. ट्रॅक्टर कोणत्या साली कुठे तयार होत होते, एवढे माहीत असले तरी निम्मे काम होते. हेन्री फोर्ड यांचा ‘फोर्डसन’ १९१७ साली बाजारात आला. हॅरी फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे १९४६ पासून १९५६ पर्यंत तयार झाला, आणि त्या दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. मागे तीन ठिकाणी औजार जोडायचे आणि हायड्रोलिकने ते उचलायचे, ही आज सर्वत्र दिसणारी सोय फर्ग्युसननेच लोकप्रिय केली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने ट्रॅक्टरांचे एक वेगळे खाते उभारले. कांस नावाच्या चिवट गवताने व्यापलेली लाखो एकर जमीन नांगरून काढणे हे त्याचे मुख्य काम होते. त्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ साली भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. तेव्हाचे सारे ट्रॅक्टर परदेशी होते. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर, ‘आयशर’, फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला तो २४ एप्रिल १९५९ रोजी. मग १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली, आणि मुंबईजवळ कांदिवलीला ‘बी-२७५’ हा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. ती कंपनी १९७७ साली महिंद्रमध्ये विलीन झाली.

आता आपल्या पाटीकडे पुन्हा पाहा. ‘१९५२ सालचा भारतीय ट्रॅक्टर’! १९५२ सालचा असेल तर तो भारतीय बनावटीचा नाही, आणि भारतीय बनावटीचा असेल तर १९५२ सालचा नाही. ट्रॅक्टरला हातही न लावता, नुसत्या सनावळीने पाटी खोटी ठरली. ट्रॅक्टर मात्र खोटा ठरला नाही, हे ध्यानात असू द्या. चूक पाटीची आहे. ट्रॅक्टर खरोखर काय आहे, हे अजून पाहायचेच आहे.

दुसरी कसोटी लोखंडाची. मोटारीला बहुधा खाली सांगाडा असतो, त्यावर इंजिन बसवलेले असते. जुन्या शेती-ट्रॅक्टरांत पुष्कळदा असा सांगाडा नसतोच. इंजिनाचा ठोकळा, गिअरबॉक्स आणि मागच्या आसाची पेटी, हे बिडाचे तीन मोठे ओतीव भाग एकमेकांना बोल्टांनी जोडले, की तोच ट्रॅक्टरचा कणा झाला. फोर्डसनने ही पद्धत रूढ केली. म्हणून पारख करणाराने आधी बॉनेट पाहू नये, दिवे पाहू नयेत. हे तीन भाग एका घराण्याचे आहेत का, ते पाहावे.

ते ओळखायचे कसे? पुष्कळ कारखाने बिडाचा भाग ओततानाच त्यावर उठावाचे आकडे ठेवत. तो भागाचा क्रमांक असे, आणि कधी कधी ओतल्याची तारीख सांगणारी लहान खूणही असे. रॉकेलच्या फडक्याने माती आणि ग्रीस पुसले की ते आकडे दिसू लागतात. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रातल्या कित्येक देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहायला मिळतात. घंटेची जागा बदलली, वाजवणारे हात बदलले, पण धातूत ओतलेले आकडे तसेच राहिले, म्हणून ती घंटा कुठली हे आपण आज सांगू शकतो. ट्रॅक्टरच्या बिडाचेही तसेच आहे. पत्र्याची नंबरपट्टी दोन रिव्हेटा काढून दुसऱ्या यंत्रावर चढवता येते. ओतलेला आकडा असा उचलून नेता येत नाही. फार तर घासून टाकता येतो, आणि घासल्याची खूण मागे राहतेच. नंबर असायला हवा तिथे ग्राइंडरने गुळगुळीत केलेली जागा आढळली, तर तिथेच थांबून मालकाला विचारावे.

रंग हा सर्वांत दुबळा साक्षीदार; पण दुबळा असला तरी साक्षीदार आहे. फोर्डसनचा एक प्रकार १९३७ पासून नारिंगी रंगात निघे, आणि १९४० पासून तो हिरवा झाला. कॉव्हेन्ट्रीचे ते लहान फर्ग्युसन सारे करडे होते. तेव्हा १९५० सालचा तसा फर्ग्युसन लाल दिसला, तर तो लाल रंग मागाहून दिलेला आहे, एवढे नक्की. खालचा मूळ रंग शोधायचा असेल तर टाकीच्या पोटाखाली, डॅशबोर्डाच्या मागे, नंबरपट्टीच्या आड पाहावे. रंगाऱ्याचा ब्रश तिथपर्यंत सहसा पोचत नाही. आणि एक सोपी युक्ती : साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डवरून फिरवा. जिथे ते एकदम सैल पडेल, तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टीचा थर आहे.

नट-बोल्टही बोलतात. जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे इंची मापाचे असत. ज्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा आहे, तो मेट्रिक मापाचा, म्हणजे बहुतेक नंतर घातलेला. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतील, तर पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची आहे. असा टायर किंवा बोल्ट सापडला म्हणून लबाडी झाली, असे समजू नये. चालते यंत्र दुरुस्त होणारच. फक्त ‘सारे मूळचेच आहे’ असे जर कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

तिसरी कसोटी कागदाची. आर.सी. बुक मागावे आणि त्यातले इंजिन व चासी क्रमांक लोखंडावरच्या आकड्यांशी एकेक अंक लावून ताडून पाहावेत. एमएच-०५ ही कल्याणची खूण. राज्याची दोन अक्षरे आणि मग जिल्ह्याचा आकडा, ही पद्धत १९८९ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा १९६६ च्या ट्रॅक्टरवर एमएच-०५ असेल, तर तो त्याचा पहिला नंबर नव्हे. त्याच्या आधीचा नंबर कोणता, मालक कोण, हे विचारायला हवे.

आर.सी. बुक हरवले असेल तर? तरीही गावात एक पुरावा मिळू शकतो, आणि शिक्षकांनी तो जरूर शोधावा. त्या काळी ट्रॅक्टरसाठी भूविकास बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढले, की जमीन तारण जाई. त्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढे, आणि त्यासाठी तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होई. त्या नोंदीला तारीख असते. फेडीनंतर बोजा उतरवल्याचीही नोंद असते. ट्रॅक्टर घरात केव्हा आला, हे सांगायला आठवणीपेक्षा ही नोंद अधिक भरवशाची आहे. याशिवाय जुनी पावती, उरूस-जत्रेतला एखादा फोटो आणि ज्याने तो चालवला त्या ड्रायव्हरची किंवा ज्याने उघडला त्या मिस्त्रीची साक्ष. ही माणसे आता थकली आहेत. त्यांच्याकडे आजच जायला हवे.

आता मुख्य प्रश्न. लायनर बदलले, पिस्टन बदलले, क्लच नवा, टायर नवे, पत्रा ठिकठिकाणी जोडलेला. मग हा तोच ट्रॅक्टर का? खेड्यातल्या माणसाला हे कोडे नवे नाही. बैलगाडीची धाव झिजते, आरे मोडतात, जू बदलते. तरी गाडी आजोबांचीच म्हणतो आपण. टिटवाळ्याचा महागणपती घ्या. माधवराव पेशव्यांच्या काळाशी या देवळाची परंपरा जोडलेली आहे. जुना लाकडी सभामंडप जीर्ण झाला, आणि १९६५-६६ साली देवळाचा जीर्णोद्धार झाला. मंडप नवा झाला म्हणून देवस्थान नवे झाले, असे कोणी म्हणत नाही. पण नव्या मंडपाकडे बोट दाखवून ‘हा पेशव्यांनी बांधला’ असे सांगितले, तर ते मात्र असत्य होईल. श्रद्धेला मंडपाच्या वयाची अडचण नसते, इतिहासाला असते. ट्रॅक्टरचेही तेच. तो ‘तोच’ आहे, हे म्हणणे घरच्यांनी खुशाल म्हणावे. त्यातले कोणते काय केव्हाचे, हे मात्र लिहिणाऱ्याने वेगळे सांगावे.

म्हणून ‘अस्सल’ आणि ‘नकली’ असे दोनच कप्पे करू नयेत. चार करावेत. एक, जसाच्या तसा राखलेला. दोन, चालवता चालवता दुरुस्त होत आलेला. तीन, बंद पडल्यावर पुन्हा उभा केलेला. चार, दोन-तीन ट्रॅक्टरांचे भाग जोडून तयार केलेला. चारही प्रामाणिक असू शकतात. चौथ्याला पहिला म्हणून विकले, की तिथे फसवणूक सुरू होते.

राहिला मोलाचा प्रश्न. एकाच ट्रॅक्टरचे मोल तीन प्रकारचे असते. पहिले कामाचे : तो ओढतो किती, तेल खातो किती, सुटे भाग मिळतात का. दुसरे बाजाराचे : हौशी माणूस काय देईल आणि भंगारवाला वजनावर काय देईल, या दोहोंच्या मधले. तिसरे आठवणीचे आणि ज्ञानाचे. चकचकीत रंगाने दुसरे मोल थोडे वाढल्यासारखे दिसते, पण तिसरे पुष्कळदा त्याच रंगाखाली गाडले जाते. आपल्या भागाचेच पाहा. भाताची खाचरे लहान, चिखल खोल. इथे ट्रॅक्टरने नांगराइतकीच, कदाचित नांगराहून अधिक, ट्रॉली ओढली. विटा वाहिल्या, गवत वाहिले, रेती वाहिली. हुकाचे भोक घासून लांबट झाले असेल, ट्रॉलीसाठी केलेले जोडकाम दिसत असेल, तर तीच या भागातल्या ट्रॅक्टरची खरी सही आहे. ते भोक भरून, जोडकाम घासून ट्रॅक्टर कारखान्यातून आल्यासारखा केला, म्हणजे तो कुठल्याही गावचा झाला. आपल्या गावचा उरला नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नियम केले. पण ते खाजगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. शेतीचा ट्रॅक्टर त्यांत बसत नाही. म्हणजे जुन्या ट्रॅक्टरला त्या नियमांखाली ‘जुना आणि मूळचा’ असा दाखला मिळायचा नाही. तो दाखला आपल्यालाच, पुराव्यानिशी, तयार करून ठेवावा लागेल.

काम अवघड नाही. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढावेत, सारे आकडे उतरवून घ्यावेत. शंभर पानी वहीत तीन रकाने आखावेत : कोणता भाग, मूळचा की बदललेला, आणि कशावरून म्हणता. काढलेले जुने भाग भंगारात न घालता पेटीत ठेवावेत. रंग द्यायचाच असेल तर आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा जुन्या रंगाची तशीच सोडावी. जे कळले नाही, त्यापुढे ‘माहीत नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना हे काम दिले, तर पुरावा म्हणजे काय, हे ती एका आठवड्यात शिकतील.

आणि मग पाटी बदलावी. ‘१९५२ सालचा अस्सल भारतीय ट्रॅक्टर’ ही पाटी उतरवून, समजा पुरावा तसा निघाला, तर असे लिहावे : ‘बी-२७५, बनावट कांदिवली. फेरफारावरून १९६८ साली गावात आला. इंजिन व गिअरबॉक्स मूळचे. बॉनेट, टायर व दिवे नंतरचे. याने शेत नांगरले आणि विटा वाहिल्या.’ ही पाटी पहिलीइतकी भारदस्त वाटणार नाही. पण कोणी कितीही आडवेतिडवे प्रश्न विचारले, तरी ती टिकेल. विकत घेणारा फसणार नाही, आणि वहीत उतरवून घेणारे मूलही.