दिशा सांगणारा आवाज

वाटूरसारख्या मराठवाड्यातील गावी काळोखातही घुंगुरमाळांवरून बैलगाडी कोणत्या अंगाने येते हे कळे. दोन कानांना मिळणाऱ्या आवाजातील काळाचा व तीव्रतेचा फरक मेंदू वाचतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये त्याची मीमांसा केली. यंत्राने मात्र ही दिशा आधीच पकडली होती. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत-प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी दोन कानांशी दोन श्रवणयंत्रे देऊन ऑपेरा ऐकवला, आणि गायक रंगमंचावर सरकताना श्रोत्यांना जाणवला. पण श्रोत्याने मान वळवली की रंगमंचही वळे!

या उणिवेचे उत्तर म्हणून आम्ही बोस कंपनीच्या २०१८ मधील चष्म्याकडे पाहतो. त्यात पडदा नव्हता. काड्यांत ध्वनिक्षेपक आणि मानेची हालचाल टिपणारे संवेदक होते. कान उघडे राहत. मायक्रोसॉफ्टचा 'साउंडस्केप' हा त्याच वर्षीचा कार्यक्रम तर दृष्टिहीनांना इष्टस्थळाच्या दिशेने नाद ऐकवी. बोसने २०२० मध्ये आपला प्रयोग गुंडाळला, साउंडस्केप २०२३ मध्ये बंद पडला. वाटसरूच्या कानातील दिशा कंपनीच्या ताळेबंदावर टांगलेली असावी, हे आम्हांस खटकते. साउंडस्केपची संहिता तेवढी खुली झाली. तिच्यावरून इतरांनी तसे कार्यक्रम पुन्हा उभारले.