पहिली गोळी कोणाची?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एप्रिल महिन्याचा तिसरा सोमवार हा सुट्टीचा दिवस असतो. 'पेट्रियट्स डे', म्हणजे देशभक्तांचा दिवस, हे त्याचे नाव. १९ एप्रिल १७७५ रोजी या राज्यातल्या लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड या दोन गावांत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले, त्याची ही आठवण. आजही त्या दिवशी पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर गावकरी जुन्या पोषाखात बंदुका घेऊन उभे राहतात. लाल डगलेवाले सोजीर चाल करून येतात, बार उडतात, माणसे पडतात. थंडीत कुडकुडत लोक हा देखावा पाहायला जमतात. २०२५ साली या घटनेला अडीचशे वर्षे पूर्ण झाली.

आता मौज अशी की, सुट्टीच्या या साध्या नावामागे दोन गावांचे भांडण दडलेले आहे. १८९४ साली ही सुट्टी ठरली तेव्हा लेक्सिंग्टनचे लोक म्हणाले, हिला लेक्सिंग्टन दिन म्हणा. कॉन्कॉर्डचे लोक म्हणाले, छे, कॉन्कॉर्ड दिन! अखेर गव्हर्नर ग्रीनहाल्ज यांनी दोन्ही गावांची नावे वगळून मधला मार्ग काढला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मानापानाचे काय घेऊन बसलात? पण या भांडणातच इतिहासाचा एक मोठा धडा आहे.

आधी त्या दिवशी काय घडले ते थोडक्यात पाहू. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बंदरात फेकून दिला. ही कंपनी म्हणजे आपल्या चांगल्या ओळखीची तीच कंपनी. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेस तिच्याशी तह केला आणि इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध जुंपले. इकडे ते सुरू होत असतानाच तिकडे अमेरिकेत ठिणगी पडत होती. चह्याची शिक्षा म्हणून इंग्रज पार्लमेंटने बोस्टनचे बंदर बंद केले आणि प्रांताचे बरेचसे हक्क काढून घेतले. लोक गावोगाव दारूगोळा जमवू लागले. बोलावणे येताच मिनिटात हजर व्हायचे, अशी शपथ घेतलेल्या शेतकरी-कारागिरांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांनाच 'मिनिटमन' म्हणत.

कॉन्कॉर्डला दडवलेला हा साठा नष्ट करण्यासाठी जनरल गेज याने १८ एप्रिलच्या रात्री बोस्टनहून सुमारे सातशे शिपाई पाठवले. बातमी आधीच फुटली होती. पॉल रिव्हिअर आणि इतर स्वारांनी रातोरात गावे जागी केली. पहाटे इंग्रजांची आघाडी लेक्सिंग्टनला पोचली, तेव्हा कॅप्टन जॉन पार्कर याच्यामागे सत्त्याहत्तरच्या आसपास माणसे हिरवळीवर उभी होती. इंग्रजांनी पांगण्याचा हुकूम केला, ती माणसे पांगूही लागली; तोच कुठून तरी एक बार उडाला. पाठोपाठ इंग्रजांच्या फैरी झडल्या. काही मिनिटांत गावकऱ्यांपैकी आठ जण ठार झाले.

इंग्रज तसेच पुढे सहा मैलांवरच्या कॉन्कॉर्डला गेले. तिथल्या उत्तरेकडच्या पुलावर चारशेएक मिनिटमन आणि गावरक्षक त्यांच्या समोर आले. इंग्रजांनी गोळ्या झाडल्या, त्यात शेजारच्या ॲक्टन गावचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस पडला. मग मेजर बट्रिक याने हुकूम दिला आणि राजाच्या सैन्यावर उघड उघड, हुकमाने, फळी धरून गोळीबार झाला. इंग्रज मागे फिरले. बोस्टनपर्यंतच्या वाटेवर भिंतींआडून, झाडांमागून त्यांच्यावर मारा होत राहिला. दिवसअखेर इंग्रजांची ७३ माणसे मेली होती, अमेरिकनांची ४९.

आता प्रश्न असा, की लेक्सिंग्टनला तो पहिला बार कोणी काढला? याचा निकाल अडीचशे वर्षांत लागलेला नाही. पण त्याहून मनोरंजक प्रश्न दुसरा आहे: लेक्सिंग्टनच्या लोकांनी उलट गोळ्या झाडल्या की नाही?

घटनेनंतर आठवड्याच्या आत प्रांतिक काँग्रेसने हजर असलेल्यांच्या जबान्या शपथेवर घेतल्या. पार्करने सांगितले, मी माझ्या माणसांना पांगायला सांगितले, गोळी झाडू नका म्हटले. तरी सैन्याने विनाकारण आमच्यावर मारा केला. इतरांचाही सूर तोच. आपण उलट मारा केला की नाही, याविषयी या जबान्या जवळजवळ मूक आहेत. हे कागद 'क्वेरो' नावाच्या वेगवान जहाजाने लंडनला धाडले आणि ते जनरल गेजच्या अहवालाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी पोचले! आम्ही राजाची निष्ठावंत प्रजा, आमच्यावर जुलूम झाला, हे इंग्लंडच्या लोकांना पटवायचे होते. स्वातंत्र्याची भाषा अजून कोणी अधिकृतपणे बोलत नव्हते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला ४ जुलै १७७६ ला. कॅप्टन पार्कर त्याआधीच, १७७५ च्या सप्टेंबरात, क्षयाने वारला होता. आपण स्वातंत्र्ययुद्ध सुरू केले, हे ज्याच्या नावावर इतिहासाने लिहिले, त्याला ते कधी कळलेच नाही.

आता पन्नास वर्षे पुढे या. १८२४ साली त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या भेटीला आला. कॉन्कॉर्डमध्ये त्याच्या स्वागताच्या भाषणात सांगितले गेले की, इंग्रजांना पहिला सशस्त्र प्रतिकार झाला तो आमच्या गावी. लेक्सिंग्टनला हे झोंबले. म्हणजे आमची माणसे नुसतीच मेली काय? लगेच हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या नव्या जबान्या घेतल्या गेल्या आणि १८२५ साली इलायस फिनी यांनी त्या पुस्तकात छापल्या. आता मात्र त्या वृद्धांना चांगले आठवत होते की, आमच्यापैकी अमक्याने तमक्याने उलट गोळ्या झाडल्या! त्यावर १८२७ साली कॉन्कॉर्डचे धर्मोपदेशक एझ्रा रिप्ली यांनी खंडनाचे पुस्तक काढले. गाव तेच, हिरवळ तीच. पण १७७५ ला निरपराध बळी हवे होते आणि १८२५ ला झुंजणारे वीर हवे होते.

चित्रांचेही तसेच झाले. डूलिटलने १७७५ सालीच कोरलेल्या चित्रात लेक्सिंग्टनची माणसे पळताना आणि पडताना दिसतात. १८८६ च्या सँडहॅमच्या चित्रात तीच माणसे पाय रोवून लढताहेत.

आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक राजवाड्यांनी आपल्याला शिकवला. उशिरा लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या काळचा कागद खरा, हे सूत्र मोलाचे आहे. पण लेक्सिंग्टन त्याला एक पुस्ती जोडते. त्या आठवड्यातला, शपथेवरचा कागदसुद्धा कोणाला तरी काही तरी पटवण्यासाठी लिहिलेला असतो. एक इंग्रज शिपाई जखमी झाला होता आणि मेजर पिटकेर्नच्या घोड्याला गोळ्या लागल्या होत्या, हे इंग्रजांच्या बाजूने आलेले आहे. म्हणजे थोडा उलट मारा झाला असावा. म्हातारे अगदीच खोटे बोलत नव्हते, आणि तरुणपणी त्यांनी सगळे सांगितलेही नव्हते.

स्मारकांची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. लेक्सिंग्टनने १७९९ सालीच आपल्या हुतात्म्यांचा स्तंभ उभारला. कॉन्कॉर्डच्या स्तंभावर पहिल्या प्रतिकाराचा दावा कोरला गेला आणि १८३७ साली त्याच्या समारंभात इमर्सनचे प्रसिद्ध स्तोत्र गायले गेले. गंमत म्हणजे तेव्हा तिथे पूलच नव्हता. जुना पूल १७९३ मध्येच काढून टाकलेला. शतसांवत्सरिकासाठी १८७५ साली तो नव्याने बांधला आणि पलीकडे फ्रेंच या तरुण शिल्पकाराने घडवलेला मिनिटमन उभा केला: हातात बंदूक, शेजारी नांगर. त्या समारंभाला खुद्द अध्यक्ष ग्रँट आले. मात्र गावातल्या बायकांना मानाची जागा मिळाली नाही, अशी तक्रार तिथल्याच लेखिका लुइसा मे ऑल्कॉट यांनी छापून प्रसिद्ध केली.

पुलाजवळच दोन इंग्रज शिपाई पुरलेले आहेत. त्यातल्या एकाला जखमी होऊन पडलेला असताना गावच्या एका तरुणाने कुऱ्हाडीने मारले. उत्सवाच्या भाषणांत ही गोष्ट सहसा येत नसे. तसाच प्रिन्स एस्टाब्रुक. हा लेक्सिंग्टनचा काळा गुलाम त्या पहाटे हिरवळीवर उभा होता आणि गोळी लागून जखमी झाला. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडणारा हा माणूस स्वतः मात्र मालकाच्या मालकीचा होता. त्याच्या नावाचा दगड हिरवळीजवळ बसायला २००८ साल उजाडावे लागले.

वाचकहो, पहिल्या गोळीचा मान हा वाद काही अमेरिकेपुरता नाही. १८५७ चा आरंभ बराकपूरला मानायचा की मीरतला, यावर आपणही कमी शाई खर्च केलेली नाही. असे वाद हास्यास्पद मानू नयेत. गाव आपल्या मेलेल्या माणसांना विसरत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. ॲक्टनचे लोक अजून त्या दिवशी आयझॅक डेव्हिसच्या वाटेने चालत कॉन्कॉर्डच्या पुलापर्यंत जातात. त्या चालण्यात पहिल्या मानाचा हट्ट नाही. आपला माणूस या वाटेने गेला आणि परत आला नाही, एवढेच त्यात आहे.

तेव्हा आपल्या गावातही एखाद्या हुतात्म्याच्या स्तंभासमोर दरवर्षी हार पडत असेल, तर हार जरूर घाला. पण त्याबरोबर स्तंभावरचा लेख कोणी लिहिला, कोणत्या साली लिहिला आणि त्यात कोणाचे नाव राहून गेले, एवढे विचारून ठेवा. मेलेल्यांचा त्यात अपमान नाही. उलट, आपल्या सोयीचे नव्हे तर त्यांचे जे खरे होते ते, त्यांना परत देण्याचा हा एकच मार्ग आहे.