न गंजणारी सुरी

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोपरीसारख्या वस्तीत साध्या पोलादाची विळी मोठ्या निगुतीने वापरावी लागे. मासळीचे मीठ, चिंच-कोकमाचे आम्ल आणि दमट हवा! ओली राहिली तर रातोरात तांबेरा धरे. म्हणून विळी धुऊन, पुसून पात्यावर तेलाचा हात फिरवायचा.

या कटकटीवर उपाय निघाला तो बंदुकांच्या कामातून. शेफील्डचे हॅरी ब्रेअर्ली नळ्यांची झीज थांबवू पाहत होते. १९१३ साली त्यांनी केलेल्या, सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादावर आम्लाचा फारसा परिणाम होईना. त्याच्या सुऱ्या कराव्यात हे त्यांना सुचले. पण त्याला पाणी कसे द्यायचे हे कारागिरांना उमगेना. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ अशी त्यांची थट्टा झाली.

‘न गंजणारे’ हे नावही थोडे फसवेच. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन अतिशय पातळ थर बनतो. पाते राखतो तो हा थर. मिठातले क्लोराइड तो जागोजागी भेदते आणि तेथे बारीक खड्डे पडतात. तेव्हा स्टीलची सुरीदेखील रात्रभर खरकट्यात बुडवून ठेवू नये, धुऊन पुसावी. तेलाचा हात तेवढा वाचला.