नीटनंतरचे समुपदेशन : शिफारसपत्र नको, योग्य दाखला हवा

एमबीबीएस, बीडीएस किंवा बीएएमएस अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर कोणाचेही शिफारसपत्र लागत नाही. प्राचार्यांचे पत्र, लोकप्रतिनिधींची चिठ्ठी किंवा एजंटाची ओळख यांचा निवडीशी संबंध नाही. नीट परीक्षेतील गुणवत्ता क्रमांक, तुमचा प्रवर्ग आणि तुम्ही भरलेले पसंतिक्रम यांवरूनच जागा ठरते. मात्र चांगला क्रमांक असूनही चुकीच्या नमुन्यातील दाखल्यामुळे हातची जागा जाऊ शकते. म्हणून निकालाची वाट न पाहता दाखल्यांची तयारी करा.

समुपदेशन म्हणजे काय?

या प्रक्रियेच्या नावात ‘समुपदेशन’ असले तरी येथे सल्ला मिळत नाही. ही ऑनलाइन जागावाटपाची प्रक्रिया आहे. शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्या वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजेच एमसीसी, भरते. एम्स, जिपमर आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही हीच समिती करते. उरलेल्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याची यंत्रणा भरते. महाराष्ट्रात हे काम राज्य सीईटी कक्षाकडे आहे. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. एकीकडे केलेला अर्ज दुसरीकडे चालत नाही.

कोणता दाखला कुठे चालतो?

अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना (ईडब्ल्यूएस) १० टक्के आरक्षण आहे. दिव्यांगांसाठी प्रत्येक प्रवर्गात ५ टक्के जागा आहेत. पुढील बाबी तपासून घ्या :

- ओबीसी : तुमची जात केंद्राच्या यादीत असली पाहिजे आणि नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातील हवा. राज्याच्या नमुन्यातील दाखला येथे चालत नाही. महाराष्ट्रातील विमुक्त जाती व भटक्या जमाती हा प्रवर्ग केंद्रात स्वतंत्र नाही. त्यातील अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपल्या जातीचे नाव त्या यादीत पाहून घ्या.
- एसईबीसी : हा महाराष्ट्र राज्याचा प्रवर्ग आहे. अखिल भारतीय कोट्यात तो लागू नाही. अटी पूर्ण होत असतील तर तेथे ईडब्ल्यूएसमधून अर्ज करता येतो.
- ईडब्ल्यूएस : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी हवे. कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास उत्पन्न कमी असूनही लाभ मिळत नाही. दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. मागील वर्षाचा चालत नाही.
- दिव्यांग : एमसीसीने नेमून दिलेल्या केंद्रातूनच प्रमाणपत्र घ्यावे लागते.
- महाराष्ट्राचा राज्य कोटा : आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागते. पडताळणीला वेळ लागतो. विद्यार्थी अकरावीत असतानाच अर्ज केलेला बरा.

कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेले असेल तर

सुरत, इंदूर किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हा प्रश्न पडतो. अनुसूचित जाती-जमातींचा दर्जा मूळ राज्यावरून ठरतो. वडिलांचा दाखला महाराष्ट्राचा असेल तर नव्या राज्याच्या कोट्यात त्या आधारे आरक्षण मिळत नाही. अखिल भारतीय कोट्यात मात्र मिळते. राज्य कोट्यासाठी अधिवासाचे आणि शालेय शिक्षणाचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. काही राज्यांत सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. उदा. तामिळनाडूत ७.५ टक्के, तर मध्य प्रदेशात ५ टक्के. तुम्ही राहता त्या राज्याची माहितीपुस्तिका वाचा.

पसंतिक्रम कसे भरावेत?

1. जे महाविद्यालय सर्वांत जास्त हवे ते सर्वांत वर ठेवा. ‘मिळणार नाही’ असे वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. तुमच्या क्रमांकावर उपलब्ध असलेली सर्वांत वरची पसंती प्रणाली तुम्हाला देते.
2. जेथे जाणारच नाही ते महाविद्यालय यादीत घालू नका.
3. शुल्क, वसतिगृह आणि शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचे बंधपत्र या गोष्टी आधी पाहा.
4. मुदतीपूर्वी यादी लॉक करा आणि तिची छापील प्रत ठेवा.

अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी अनामत रक्कम जात नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारल्यास अनामत जप्त होते. पुढच्या फेऱ्यांत नियम आणखी कडक आहेत.

शुल्काची सोय

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास, केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते.

सल्ला कोणाला विचारावा?

दाखल्यांसाठी तहसील कार्यालय किंवा सेतू केंद्र आणि शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालय येथे माहिती मिळते. शाळेतील विज्ञान शिक्षकांना किंवा आधी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही विचारा. कोणी मदत करत असले तरी पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. तो हाती आल्यास दुसरा माणूस तुमचे पसंतिक्रम बदलू शकतो. ‘पैसे द्या, जागा पक्की करतो’ असे कोणी म्हणाले तर ती फसवणूक समजा.

महत्त्वाचे : सर्व कागदपत्रांवर नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, हे आजच तपासा. फरक असल्यास दुरुस्तीचा अर्ज लगेच करा. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी वेळ मिळत नाही. नियम व तारखा दरवर्षी बदलू शकतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका पाहा.