"मला कधी कावीळ झालीच नाही!" – हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि आपण लोक



हिपॅटायटिस बी चा विषय निघाला की आपल्या लोकांकडून हमखास एक उत्तर येतं: "मला कधी कावीळ झालीच नाही, मग ती टेस्ट कशाला?" बोलणारा चांगला शिकलेला असतो, लिव्हर कुठे असतं हेही त्याला माहीत असतं. तरी हे वाक्य येतंच. ते का येतं, आणि अमेरिकेने बाहेरून आलेल्यांची तपासणी कशी हाताळली, याचा इतिहास एकत्र वाचला तर बराच उलगडा होतो.

आधी आपल्याकडचं बघू. कावीळ म्हणजे डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना गेलेली. मग गावातला माळ देणारा, नाकात थेंब टाकणारा, हाताला चुना लावून "कावीळ उतरवणारा", कुठेकुठे तर चक्क डाग देणारा. घरी तेल-तूप बंद, उसाचा रस आणि फुटाणे सुरू. महिना-दीड महिन्यात माणूस हिंडू-फिरू लागतो आणि श्रेय माळेला मिळतं.

हे श्रेय मिळण्यामागे कारण आहे. आपल्याकडची साथीची कावीळ ही मुख्यतः घाणेरड्या पाण्यातून येणारी, आणि ती बहुतेकांची आपोआप बरी होते (गरोदर बायकांना मात्र ती जिवावर बेतू शकते). १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली. पुढे कितीतरी वर्षं ती हिपॅटायटिस ए ची साथ समजली जात होती. १९८० साली पुण्याच्या एनआयव्हीच्या आणि अमेरिकेतल्या एनआयएचच्या शास्त्रज्ञांनी मिळून जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा कळलं की ही ए पण नाही आणि बी पण नाही. त्याच विषाणूला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. थोडक्यात काय, कावीळ म्हणजे येते, दिसते आणि जाते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव ए आणि ई च्या बाबतीत बरोबरच आहे.

बी चं तसं नाही. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या शरीरातून विषाणू निघून जातो. पण तान्ह्या बाळाला लागण झाली तर साधारण ९० टक्के बाळांमध्ये तो मुक्काम ठोकतो. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, शाळा-कॉलेज-नोकरी सगळं सुरळीत चालतं. आणि मग चाळिशी-पन्नाशीत एकदम सिऱ्हॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर. "कधी कावीळ झाली नाही" हे या आजारात काहीच सिद्ध करत नाही.

आता लागण होते कशी? आईकडून बाळाला, घरातल्या घरात लहानपणी, शरीरसंबंधातून, रक्तातून आणि सुईतून. आपल्यापैकी जे साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकात देशात वाढले त्यांना काचेची सिरिंज आठवत असेल. स्टोव्हवरच्या भांड्यात उकळायची आणि रांगेतल्या पुढच्या पोराला टोचायची. इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टर कसला, अशी समजूत! त्यात न्हाव्याचा वस्तरा, जत्रेतलं गोंदण. आणि हे सगळं इतिहासजमाही झालेलं नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा इथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ पासून मोजक्या ठिकाणी आली, देशभर पोचली ती २०११ नंतर. म्हणजे आपण इथे विमानाने उतरलो तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना बाळपणी ही लस मिळालेली नव्हती.

"आम्ही दारूला शिवत नाही, आमच्या लिव्हरला काय होणार?" याचं उत्तर अमिताभ बच्चन यांनीच दिलं आहे. १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर त्यांना जे रक्त चढवलं त्यातून हिपॅटायटिस बी आला, आणि ते कळलं जवळजवळ वीस वर्षांनी. तोवर यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता, असं ते स्वतः जाहीरपणे सांगतात.

आता अमेरिकेकडे वळू. बरूच ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक वेगळंच प्रथिन सापडलं. ते काविळीच्या या विषाणूचं निघालं. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं आणि १९८१ साली अमेरिकेत पहिली लस आली. (२८ जुलैचा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणजे त्यांचाच वाढदिवस.) तपासणी हाती आली, लसही आली. प्रश्न उरला तो तपासायचं कोणाला?

१९८४ साली ठरलं की गरोदर बायकांपैकी फक्त जोखमीच्या गटातल्यांना तपासा, उदाहरणार्थ आशियात जन्मलेल्या. अनुभव असा आला की या चाळणीतून निम्म्याच्या आसपास बाधित बायका निसटतच होत्या. डॉक्टर विचारायला संकोचतात, पेशंट सांगायला. १९८८ साली चाळणी काढून टाकली आणि सरसकट सगळ्या गरोदर बायकांची तपासणी करायचा सल्ला आला.

बाकी प्रौढांना हे शहाणपण लागू व्हायला पुढची ३५ वर्षं गेली. बाहेरून आलेल्यांसाठीचा सल्ला बराच काळ फक्त ज्या देशांत ८ टक्के किंवा त्याहून जास्त लोक बाधित आहेत त्यांच्यापुरता होता. भारत त्या खालच्या, मधल्या गटात. सीडीसीने ही रेषा २ टक्क्यांवर आणली २००८ साली, म्हणजे नव्वदीतली आणि वायटूकेची आपली मंडळी इथे येऊन घरं घेऊन स्थिरावल्यावर! दरम्यान मोहिमा निघत होत्या, उत्तम निघत होत्या, पण त्यांचा रोख मुख्यतः चिनी, कोरियन, व्हिएतनामी वस्त्यांकडे. "एशियन" शब्द वाचून आपल्यातला कोणी हा आपल्यासाठी आहे असं समजत नाही.

त्यात ग्रीन कार्डच्या मेडिकलचा गैरसमज. "तेव्हा रक्त घेतलं होतं की!" घेतलं होतं, पण ते सिफिलिससाठी आणि २०१० पर्यंत एचआयव्हीसाठी. हिपॅटायटिस बी ची तपासणी त्यात नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे लाज. १९८८ च्या नियमामुळे अनेक घरांत पहिली तपासणी झाली ती सुनेची. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बोट तिच्याकडे: हिने कुठून आणला? नवऱ्याची, सासूची, दिराची तपासणीच झालेली नसते, त्यामुळे ते आपोआप निर्दोष! मग तिचं ताट-वाटी वेगळं. खरं तर एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर विषयच बंद. शिकलेल्यांचं जगही फार मागे नव्हतं. न्यू जर्सीच्या मेडिसिन अँड डेंटिस्ट्री विद्यापीठाने हिपॅटायटिस बी असलेल्या दोघांचा प्रवेश रोखला, आणि २०१३ साली अमेरिकेच्या न्याय खात्याला अपंगत्वविषयक कायद्याखाली हस्तक्षेप करून त्यांना न्याय द्यावा लागला.

म्हणूनच मला २०२३ चा बदल महत्त्वाचा वाटतो. सीडीसीने सांगितलं की १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी. कुठून आलात, काय केलंत, कोणाबरोबर राहिलात हे सांगण्याची अट नाही. कोलेस्टेरॉलसारखी टेस्ट. सगळ्यांचीच होते म्हटल्यावर एकीकडेच बोट दाखवता येत नाही. आपल्या घरातल्या संकोचावर याहून सोपा उपाय मला तरी दिसत नाही.

पण डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. पुढच्या वार्षिक तपासणीला स्वतः म्हणा: हिपॅटायटिस बी ची तिहेरी तपासणी करा. एकाच रक्तात तीन गोष्टी कळतात: विषाणू आत्ता आहे का, पूर्वी येऊन गेला का, आणि संरक्षण आहे का. काहीच नसेल तर लस घ्या. विषाणू निघाला तर घाबरायचं कारण नाही. तो मुळासकट जात नाही, पण त्यावर लक्ष ठेवता येतं आणि गरज असेल तेव्हा रोजच्या एका गोळीने तो दबून राहतो. आणि तपासणीला नवरा-बायको दोघं एकदमच जा. आई-बाबा देशातून येणार असतील तर त्यांनी निघण्यापूर्वी तिकडेच करून घ्यावी, खर्च कमी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हा आजार होता. त्यातल्या बहुतेकांचे डोळे आत्ता या क्षणी पांढरेशुभ्र आहेत.

असो. फार लांबलं.