गळकाठीच्या इतिहासातील ‘कलकत्ता’ बांबू

कृत्रिम माशीच्या आमिषाने मासे धरण्याच्या जुन्या बांबूच्या गळकाठ्या आज पाश्चात्त्य संग्राहक मौल्यवान मानतात. बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या सरसाने जोडण्याचे तंत्र अमेरिकेत १८४०च्या दशकात ईस्टन येथील बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिपी यांनी रुजविले. पुढे हायरम लिओनार्ड यांनी त्यास यंत्राची जोड दिली. प्रारंभीच्या या काठ्यांसाठी बांबू मात्र भारतातून जात असे व बंदराच्या नावावरून तो ‘कलकत्ता’ म्हणून ओळखला जाई. गडचिरोली-चंद्रपूरच्या वनांतही आढळणारी मानवेल हीच ती जात मानली जाते. कालांतराने चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५०ची अमेरिकी व्यापारबंदी व काचतंतू यांमुळे तोही मागे पडला.

बांबूचे बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असते. गळकाठीचे निर्माते याच भागावर विसंबले. सूप-टोपली विणणारा आपला बुरूडही मजबुतीसाठी याच भागावर भिस्त ठेवतो. काठीवर निर्मात्याचे नाव असल्याने तिचा इतिहास लिहिला गेला. सुपावर नाव नसते. ही अनामिकता कौशल्याच्या नव्हे, तर नोंदीच्या अभावाची निदर्शक आहे. म्हणूनच बुरूडकामाचा इतिहास वस्तू, अवजारे व मौखिक साधने यांच्या आधारे सिद्ध करणे अगत्याचे ठरते.